मोरसच्या मुलखात सहा दिवस

आमची आजी साखरेला कधी साखर म्हणाली नाही, 'मोरस' म्हणायची. गूळ तो गूळ आणि दुकानातली पांढरी ती मोरस. पाहुणा आला की माजघरातून हाक यायची, "चहात मोरस घाल गं, गूळ नको." पुढे मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात शेती खात्यात एकतीस वर्षं काढली. उसाच्या नोंदी, तोडीचे कार्यक्रम, गाळप, उतारा यांतच आयुष्य गेलं, पण आजीचा तो शब्द कुठून आला हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात तिथली साखर मुंबई बंदरात उतरायची आणि गलबतांनी, बैलगाड्यांनी गावोगाव पोचायची. त्याच बंदरातून उलट दिशेनं माणसं जायची. रत्नागिरीची, सावंतवाडीकडची, साताऱ्याची.

तेव्हापासून ते बेट मनात घर करून होतं. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि यंदा ऑगस्टमध्ये आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस : माहेबूर

मुंबईहून सहा तासांच्या आसपास विमान. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, म्हणून पहिला मुक्काम जवळच्या माहेबूरलाच ठेवला होता. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. समुद्रावरून सारखा वारा आणि मधूनच भुरभुर पाऊस. ही म्हणाली, "गणपतीच्या आधी आपल्याकडे पडतो तसाच आहे."

याच उपसागरात १५९८ मध्ये डच जहाजं आली. बेटावर माणूस नव्हता. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचं नाव बेटाला दिलं आणि १६३८ मध्ये वस्ती केली. शिसवीसारखं काळं कुळकुळीत एबनीचं लाकूड तोडून नेलं, जावाहून ऊस आणून लावला, मादागास्करहून गुलाम आणले. डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला. १७१० मध्ये परवडत नाही म्हणून ते निघून गेले. पाच वर्षांत फ्रेंच आले.

संध्याकाळी इथलं इतिहास संग्रहालय पाहिलं. जुना फ्रेंच वाडा आहे. ऑगस्ट १८१० मध्ये या उपसागरात फ्रेंच आणि ब्रिटिश आरमारांची लढाई झाली, ती फ्रेंचांनी जिंकली. दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी याच वाड्यात आणून ठेवले होते. सगळे मार्गदर्शक ही गोष्ट कौतुकानं सांगतात, शत्रूंचा दिलदारपणा म्हणून. मला तिथे वेगळंच वाटत राहिलं. दोन धनी भांडले आणि दोघांना एकाच माडीवर मलमपट्टी झाली. पण ज्या बेटासाठी भांडले, त्या बेटावर राबणारे हजारो गुलाम त्या माडीच्या गोष्टीत कुठेच नाहीत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिशांनी बेट घेतलंच. त्या फौजेत बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले शिपाई होते. म्हणजे ऊसमळ्यातल्या मजुरांच्या कितीतरी आधी आपली माणसं इथे बंदूक घेऊन उतरली होती, दुसऱ्याच्या राज्यासाठी दुसऱ्याचं बेट जिंकायला.

दुसरा दिवस : पोर्ट लुई

सकाळी राजधानीकडे निघालो. आमचा गाडीवाला तिशीतला पोरगा. घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, आजीशी भोजपुरी आणि आमच्याशी सिनेमातून शिकलेली हिंदी. मला 'तोंतों' म्हणायचा, म्हणजे काका.

बंदरासमोर ताडांची रांग आहे आणि तिच्या तोंडाशी ला बुर्दोने या फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा. १७३५ मध्ये आला आणि बारा वर्षांच्या आत गोदी, रुग्णालय, पाण्याचा कालवा, रस्ते सगळं उभं केलं, असं फलकांवर वाचायला मिळतं. उभं केलं गुलामांनी. आणि कशासाठी, हे १७४६ मध्ये दिसलं. ला बुर्दोने आपलं आरमार घेऊन निघाला आणि त्यानं इंग्रजांचं मद्रास घेतलं. बेटाच्या बोधचिन्हावर आजही लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे, 'हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली'. सुएझचा कालवा व्हायच्या आधी युरोपातून हिंदुस्थानात जायचं तर आफ्रिकेला वळसा घालून यावं लागे आणि वाटेत पाणी, अन्न, जहाजदुरुस्तीला हे बंदर लागे. फ्रेंच चाचे इथूनच निघून ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लुटत. म्हणून ब्रिटिशांना हे बेट हवं होतं. किल्ली या बेटाची, पण कुलूप आपलं होतं.

ला बुर्दोनेच्या काळातल्या त्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. तिथून पायी पाच-दहा मिनिटांत आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरवत ती जागा.

घाट म्हटल्यावर माझ्या मनात पंढरपूरचा, वाईचा घाट होता. हा तसा नाही. सोळा पायऱ्या आहेत, बस्स. काळ्या दगडाच्या, अरुंद, मधोमध झिजलेल्या. पूर्वी समुद्र त्यांच्या पायथ्याशी होता, आता भर घालून पुढे ढकललाय आणि जवळून मोठा रस्ता जातो. बोटीतून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून डेपोत यायचा. आत मोडक्या भिंती, छपऱ्या, स्वयंपाकघराचे चौथरे, संडासांची रांग. दोन दिवस इथे ठेवायचं, तपासायचं, नोंदवायचं आणि मग मळेवाल्याच्या ताब्यात द्यायचं. डेपो १८४९ मध्ये बांधला. २००६ पासून ही जागा जागतिक वारशात आहे.

हिनं पहिल्या पायरीपाशी चपला काढल्या. रखवालदार बाई बघत होती, पण काही बोलली नाही. ही मोजत चढली. सोळाव्या पायरीवर थांबून म्हणाली, "पोरं कडेवर घेऊन चढल्या असतील ना इथनं?"

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ब्रिटिश संसदेनं सगळ्या वसाहतींसाठी मिळून दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली होती, त्यातले वीस लाखांहून अधिक पौंड या एवढ्याशा बेटावर आले. भरपाई मालकांना मिळाली. ज्यांचे हात-पाय, ज्यांची मुलं मालमत्ता म्हणून मोजली होती, त्यांना एक पै नाही. उलट 'शिकाऊ' या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मळ्यात राबवलं.

मालकांच्या हातात रोख पैसा होता आणि १८२५ पासून इथल्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच झाली होती. ऊस लावावा तितका थोडा. कमी होती ती माणसांची, आणि माणसं कुठे मिळतील हे ब्रिटिशांना पक्कं ठाऊक होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन इथे आलं, गुलामगिरी कायद्यानं संपायच्या तीन महिने आधी. सरकारनं या व्यवस्थेला 'महान प्रयोग' म्हटलं. गुलामांऐवजी करारावर मजूर आणून मळे चालतात का, हे इथे पाहायचं आणि जमलं तर सगळ्या साम्राज्यात करायचं. जमलं. मग त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजी. एकट्या मॉरिशसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं आली.

करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल यांचा शिधा. निघण्यापूर्वी आगाऊ रक्कम, तिलाच आपण ऊसतोडीत 'उचल' म्हणतो. टोळीवर 'सरदार', म्हणजे आपला मुकादम. हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही, हेच जड गेलं. मी तीस वर्षं बीड-नगरकडच्या टोळ्या पाहिल्यात. उचल घेतलेली जोडी आजारी पडली तरी कोयता का खाली ठेवत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

गरीब माणसं होती, पोटापाण्यासाठी स्वखुशीनं गेली, असं आपल्याकडेही सहज म्हटलं जातं. आमच्या शेती खात्यातही मी ते ऐकलंय. दुष्काळ, शेतसारा आणि सावकार यांनी आधी गावात जगणं अशक्य करायचं, मग अंगठा घ्यायचा आणि त्याला खुशी म्हणायचं, हे मला मान्य नाही. परतीच्या भाड्याची हमी सुरुवातीला करारात होती, पुढे तीही काढली.

तिसरा दिवस : मोका

आज गाडी डोंगराकडे वळली. मोकाला महात्मा गांधी संस्था आहे आणि तिथे आप्रवासी मजुरांच्या नोंदी जपल्यात. मजुरांचे वंशज येऊन आपल्या माणसाचा उतारा मागू शकतात. आम्ही फक्त संग्रहालय पाहिलं.

नोंदवहीचं पान मी बराच वेळ पाहत उभा होतो. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. आमच्याकडे उसाच्या नोंदवहीत गट नंबर, जात, लागणीची तारीख असते, तशीच आखणी. फक्त आमच्या वहीत 'जात' म्हणजे उसाची.

मजुरांचे फोटो आहेत. १८६० च्या दशकापासून प्रत्येकाच्या परवान्यावर फोटो लावायला सुरुवात झाली. कोऱ्या पडद्यासमोर बसवलेली माणसं, नजर सरळ. एका बाईच्या नाकात नथीसारखं काही होतं आणि डोईवरून पदर. तिच्याकडे पाहून मला माझ्या मावशीची आठवण झाली. खाली नाव होतं की नाही, आता आठवत नाही. आकडा होता, तो ठळक होता.

हे राज्य बंदुकीनं आलं, पण चाललं कागदावर. मळ्यात एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा, याला 'डबल कट' म्हणत. पाच वर्षं संपली तरी माणूस मोकळा नव्हे. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्यांनाही फोटोचा परवाना सतत जवळ बाळगावा लागे. रस्त्यात पोलिसानं अडवलं आणि परवाना नसला तर भटक्या ठरवून कोठडी. कोठडी नको तर पुन्हा करार कर, म्हणजे पुन्हा मळा. चाबूक न उगारता माणूस बांधून ठेवायची ही युक्ती होती आणि ती चाबकापेक्षा पक्की निघाली, कारण तिला कायद्याचं नाव होतं.

तिथे एका गोऱ्या माणसाबद्दलही कळलं. आदोल्फ द प्लेविट्झ, स्वतः मळ्यावरचा माणूस. १८७१ मध्ये त्यानं मजुरांच्या तक्रारींचा अर्ज लिहिला आणि ९,४०१ मजुरांनी त्यावर सह्या, अंगठे केले. मळेवाले त्याच्यावर तुटून पडले. पण अर्जामुळे लंडनहून शाही आयोग आला आणि १८७५ च्या अहवालात अर्जातलं बरंच खरं ठरलं. मला द प्लेविट्झपेक्षाही त्या ९,४०१ जणांचं धाडस मोठं वाटतं. परवान्याशिवाय गल्ली ओलांडता येत नसताना हा कागद मळ्यामळ्यांतून फिरला कसा असेल?

१९०१ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतताना इथे काही आठवडे थांबले आणि १९०७ मध्ये वकील मणिलाल डॉक्टर आले, ते मजुरांचे खटले लढले. बाहेर पडलो तेव्हा धुकं उतरलं होतं. जेवायला दालपुरी खाल्ली, दोन-दोन जोडीनं देतात. पुरणपोळीचं पुरण गोड न करता भरलं तर लागेल तशी.

चौथा दिवस : पांप्लेमूस

आजचा दिवस माझा. पांप्लेमूसजवळ बो प्लां नावाचा जुना साखर कारखाना आहे, १९९९ मध्ये बंद पडला आणि आता त्याचं संग्रहालय केलंय. चरक, कढया, सेंट्रिफ्युगल सगळं जागच्या जागी. कारखान्याचा वास मात्र गेलाय. मळीचा आंबूस वास ज्यानं आयुष्यभर घेतला त्याला तो कारखाना मेल्यासारखाच वाटतो. शेवटी साखरेचे नमुने चाखायला देतात. गडद तपकिरी, ओलसर मस्कोवाडो जिभेवर ठेवली आणि काकवीची चव आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते. बेट केवढं, तर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही लहान. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सव्वाशे-दीडशे वर्षं सगळं बेट एकाच पिकाला जुंपलेलं. जंगल गेलं, तांदूळ बाहेरून आणायचा, भावही बाहेर ठरायचा. स्वातंत्र्यानंतर युरोपनं हमीभावानं साखर घ्यायचा करार केला होता, तो २००९ मध्ये संपला आणि लहान शेतकरी ऊस सोडू लागला. रस्त्याच्या कडेनं पडीक राहिलेली राने मी मोजायची सोडून दिली.

पण मला बघायचं होतं ते रानात. गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. तोड चालू होती, यंत्रानं. मोकळ्या झालेल्या रानात दगडांचे ढीग उभे होते. एखाद्या छोट्या देवळाच्या शिखराएवढे, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. बेट ज्वालामुखीतून झालेलं, जमीन म्हणजे निम्मा दगड. ऊस लावायचा तर दगड वेचून बाहेर काढायचा, आणि तो काढला गुलामांनी आणि मजुरांनी, हातानं. बाहेर नेऊन टाकायला जागा नाही म्हणून रानातच रचला.

मी एका ढिगाला हात लावला. कातळ सच्छिद्र, खरबरीत, तळहाताला कानसासारखा लागतो. खालच्या थरातले दगड दोन माणसांनी उचलावे एवढे, वर येत येत नारळाएवढे. सांधे इतके नेमके की एवढी वर्षं वादळं सोसून एकही ढासळलेला नाही. लागणीआधी रानातले दगड वेचायचं काम आमच्याकडेही असतं, पण ते दोन दिवसांचं. हे दोनशे वर्षांचं होतं. पोर्ट लुईत पुतळे पुष्कळ पाहिले. मजुरांचं स्मारक मला इथे दिसलं, आणि ते त्यांनीच बांधलेलं.

गाडीवाला म्हणाला, "तोंतों, माझी पणजी सांगायची, दगडाखाली सोनं आहे असं सांगून आणलं." ही गोष्ट नंतरही दोन जणांनी ऐकवली. इकडे घराघरांत आहे.

पाचवा दिवस : ल मोर्न

नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ल मोर्नचा कडा. साडेपाचशे मीटरहून उंच, तिन्ही बाजूंनी तुटलेला. मळ्यांतून पळालेले गुलाम इथे लपत. १७२३ च्या फ्रेंच कायद्यात पळून जाण्याची शिक्षा लिहून ठेवलेली होती. पहिल्यांदा कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्यू. हे माहीत असूनही माणसं पळत होती. १८३५ मध्ये सुटकेची बातमी सांगायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कहाणी सांगतात. पायथ्याशी शिल्पं आहेत. आम्ही तिथे फारसं बोललो नाही.

परतीच्या वाटेवर गाडीवाल्यानं रेडिओ मोठा केला. शागोसची बातमी होती. १९६५ मध्ये, स्वातंत्र्य द्यायच्या तीन वर्षं आधी, ब्रिटननं शागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, तीस लाख पौंड टेकवून. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. नारळाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या गुलामांचे आणि मजुरांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९७३ पर्यंत सगळ्यांना हाकललं. आधी त्यांची कुत्री बंद छपरीत कोंडून विषारी धुरानं मारली. काही जणांनी पोर्ट लुईला बोटीवरून उतरायलाच नकार दिला होता. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ही तोडणी बेकायदा असल्याचं मत दिलं, मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तळ मात्र त्या करारानुसार ९९ वर्षं राहायचा आहे. साम्राज्य म्हणजे जुनी गोष्ट, असं मानणाऱ्यांनी त्या गाडीत आमच्याबरोबर बसायला हवं होतं. मी तेव्हा शाळेत जात होतो, इतकं हे जवळचं आहे.

सहावा दिवस : कास्कावेल

शेवटचा दिवस मराठी माणसांसाठी राखून ठेवला होता. पश्चिमेला कास्कावेल गावात आणि आसपास मराठी वस्ती आहे. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. ओळखीतून एका निवृत्त मराठी शिक्षिकेच्या घरी जेवायला बोलावणं होतं. घरात सगळे क्रिओल बोलतात. बाईंची मराठी पुस्तकातून शिकलेली, स्वच्छ. "काका, काकू, आपण बसावं," म्हणाल्या आणि हिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. अंगणात पोरं गणपतीसाठी जाखडीचा सराव करत होती, ते म्हणतात 'झाकरी'. पायांचा ठेका आमच्या संगमेश्वराकडचाच.

जेवणानंतर मी 'मोरस' शब्द सांगितला. बाईंना तो माहीत नव्हता. त्यांनी वहीत लिहून घेतला, दोनदा उच्चारला. मग उठून आतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद आणला. त्यांच्या खापरपणजोबांचा मोकाहून मिळालेला उतारा. क्रमांक, बापाचं नाव, वय बावीस, डाव्या गालावर व्रण. जिल्ह्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'रटनाघेरी'. गावाच्या रकान्यात 'मॅकजॉन'.

"हे कुणी साहेब असणार, त्यांना इथे पाठवणारे," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात तीन पिढ्या तसंच मानतात. गाव मिळालं नाही."

हिचं माहेर आरवलीचं. हिनं कागद खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि ते अक्षर मोठ्यानं वाचलं. एकदा, मग पुन्हा, आमच्याकडच्या हेलात.

"अहो, हे साहेबाचं नाव नाही," ती म्हणाली. "हे माखजन आहे. आमच्या आरवलीहून फाटा फुटतो तिथे. नदी आहे, बाजार भरतो."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागद परत घेतला, पेन्सिल शोधली आणि इंग्रजी नावाच्या वर देवनागरीत लिहिलं, माखजन. मग अंगणातल्या पोरांना हाका मारून आत बोलावलं.